बंपरचा टवका दिसतो, बॉनेटचा गंजतो: गोव्यात गाडीचा दर्शनी रंग कसा राखायचा

नवी गाडी काही महिने रस्त्यावर फिरली की बॉनेटच्या पुढच्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसू लागतात. फडक्याने पुसून ते जात नाहीत, नखाने चाचपलं तर खळगा लागतो. हाच टवका. फोंडा-मोले रस्त्याने रोजचं येणंजाणं असेल किंवा चोर्ला घाटातून बेळगावच्या फेऱ्या होत असतील, तर दोनेक वर्षांत गाडीचं तोंड अशा टवक्यांनी भरून जातं. मग दुकानदार सिरॅमिक कोटिंगपासून (रंगावर लावायचा अगदी पातळ, कडक लेप) अख्ख्या गाडीला चिकटवायच्या प्लास्टिकच्या फिल्मपर्यंत काहीही गळ्यात मारतात. पैसे कुठे घालायचे आणि कुठे एक रुपयाही घालायचा नाही, हे ठरवण्याआधी टवक्याखाली पत्रा आहे की प्लास्टिक, एवढं पाहून घ्या.

त्यासाठी फ्रिजवरचं लहानसं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून गाडीच्या पुढच्या भागावर टेकवत जा. बंपरला ते चिकटणार नाही, कारण आजकालचे बंपर पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे असतात. बॉनेट, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, छताची पुढची कड आणि दारांखालची पट्टी इथे मात्र बहुतेक गाड्यांत ते चिकटतं. मडगार्ड कधी पत्र्याचं, कधी प्लास्टिकचं. काही महागड्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. त्याला लाल गंज येत नाही, पण टवक्यातून ओल शिरली की रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि रंग फुगतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सर्वात जास्त टवके बंपरवर उडतात आणि लोकांचा जीवही बंपरसाठीच तुटतो. खरं तर बंपरच्या टवक्याने गाडीचं काहीही बिघडत नाही. आत काळं प्लास्टिक आहे, ते दहा वर्षं उघडं राहिलं तरी तसंच राहील. बॉनेटच्या कडेचा एकच टवका मात्र जूनमध्ये उडाला आणि ऑक्टोबरपर्यंत तसाच राहिला, तर पुढे अख्खं बॉनेट रंगवायची पाळी येऊ शकते.

रंग किती जाड असतो आणि गोव्याची हवा त्याचं काय करते

कारखान्यातून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा जेमतेम आठवा भाग. सर्वात वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट, त्याखाली १२ ते २० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग, मग सुमारे ३० मायक्रॉनचा प्रायमर, आणि अगदी पत्र्याला लागून विजेच्या साहाय्याने बसवलेला सुमारे २० मायक्रॉनचा ई-कोट. काही नव्या गाड्यांत प्रायमरचा वेगळा थर नसतोच. गंजापासून खरं रक्षण हा शेवटचा ई-कोट करतो. तो फुटला की पत्रा उघडा पडला.

टवका किती खोल गेला हे त्याच्या रंगावरून कळतं. गाडी धुऊन कोरडी करा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. नुसता धुरकट ओरखडा असेल तर फक्त क्लिअर कोट गेलाय, काळजी नको. राखाडी किंवा पांढरट तळ दिसला तर प्रायमरपर्यंत पोचलाय. धातू चमकला तर त्याच आठवड्यात काम काढा. नारिंगी-तपकिरी ठिपका दिसला तर गंज सुरू झालाय. मात्र आपल्याकडची तांबडी माती इथे फसवते. पांढऱ्या गाडीवर खळग्यात बसलेली जांभ्याची धूळ हुबेहूब गंजासारखी दिसते. ओल्या कापसाने खळगा पुसा. धूळ कापसावर येते, गंज जागेवर राहतो.

गोव्यात या गोष्टीला घाई का पाहिजे, याचं कारण मिठात आहे. मिरामार, कळंगुट, बायणा, कोलवा या पट्ट्यात खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे कण गाडीवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. पावसाळ्यात इथली आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस थांबला, गाडी पोर्चमध्ये उभी आहे, वरून कोरडी दिसतेय, तरी टवक्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचा थेंब बसलेलाच असतो आणि गंजणं चालू राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंग खालून उचलतो. वर टाचणीएवढा दिसणारा टवका आत वाटाण्याएवढा पसरलेला असतो तो असा. वाळपई-सांग्याकडे समुद्राचं मीठ कमी पोचतं, पण तिकडे पाऊस जास्त आणि झाडाखाली उभ्या गाड्या दिवसचे दिवस ओल्या राहतात, म्हणून तिथल्यांनीही निर्धास्त राहू नये.

खडी कुठून येते

आपल्याला वाटतं पुढच्या ट्रकने दगड मागे फेकून मारला. बहुतेक वेळा तसं होत नाही. टायरच्या खाचेत अडकलेला खडा रस्त्याजवळून सुटतो तेव्हा तो मुख्यतः वर उडतो, पुढेमागे त्याला फारसा वेग नसतो. आपली गाडी जाऊन त्याच्यावर आदळते. म्हणून टवका किती खोल उडणार हे बऱ्याच अंशी आपल्याच वेगावर ठरतं, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलात तर तोच खडा जवळपास १.८ पट जोराने लागतो, १०० ने गेलात तर २.८ पट.

यातूनच अंतराचा हिशेब निघतो. दीड मीटर उंच उडालेला खडा साधारण १.१ सेकंदात खाली येतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तुम्ही सेकंदाला १६.७ मीटर जाता. ट्रकच्या मागे ३ सेकंदांचं, म्हणजे ५० मीटर अंतर ठेवलंत तर तुम्ही तिथे पोचेपर्यंत खडा खाली पडून एकदोन टप्पे खाऊन बसलेला असतो. ट्रकने एखादा खांब ओलांडला की तीन आकडे मोजा आणि मग तुमची गाडी त्या खांबाशी पोचतेय का बघा. फुकटातला यापेक्षा चांगला उपाय नाही.

ट्रकच्या हौद्यातून सांडणाऱ्या मालाला मात्र हा हिशेब लागू नाही. त्या खड्याला ट्रकचाच वेग असतो, त्यामुळे तो रस्त्यावर उड्या मारत पुढे येत राहतो. समोरून येणाऱ्या ट्रकमधून सांडला तर दोघांचा वेग जमेस धरावा लागतो: तो ५०, तुम्ही ६०, आदळणं ११० ने. डिचोली, साखळी, सांगे या खाणपट्ट्यात किंवा चिरे आणि खडी वाहणाऱ्या टिपरच्या मागे ताडपत्री नीट बांधलेली नसेल, तर ओव्हरटेक करायची घाई करण्यापेक्षा मागे राहिलेलं बरं. ओव्हरटेक करताना आपण वेग वाढवून नेमके त्याच्या चाकांच्या बाजूने जातो. तिथे टायरच्या कडेखाली दाबला गेलेला खडा आडवा सुटतो.

रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात, मग ते पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंतच्या महामार्ग ६६ वरचं कुठलंही असो, नव्या डांबरावर सुटी खडी पसरलेली असते. तिथे वेग ४० च्या आत ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: पुढची चाकं तुमच्याच गाडीच्या दारांखालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर खडी मारत असतात. ती पट्टी सांगाड्याला वेल्ड केलेली असते, बॉनेटसारखी काढून बदलता येत नाही. कंपनीचे मडफ्लॅप चारही चाकांना बसवा. पैसा वसूल होणारी याहून स्वस्त वस्तू ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणार नाही. मडगार्डच्या बाहेर येणारे रुंद टायर लावले असतील तर मडफ्लॅपही पुरे पडत नाहीत.

सिरॅमिक कोटिंगने दगड अडत नाही

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. सिरॅमिक कोटिंगची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉन, कित्येकदा त्याहून कमी. त्याने पाणी ओघळून जातं, मळ लवकर निघतो, धुणं सोपं होतं, हे सगळं खरं. ‘९एच’ कडकपणाची जाहिरातही असते, पण तो आकडा पेन्सिलीने ओरखडा उठतो का या चाचणीचा आहे, दगडाच्या माऱ्याचा नाही. वॅक्स आणि टेफ्लॉन कोटिंग यांची गोष्ट तीच.

दगडाचा मार झेलायला जाड आणि मऊ थर लागतो. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात थोडे मागे नेतो, तसा हा थर दबून आघात पसरवतो. पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ, हे काम करते. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, टीपीयूची असते आणि जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे कारखान्याच्या अख्ख्या रंगापेक्षा जास्त. बाजारात टीपीएच नावाने आणि साध्या पीव्हीसीच्याही फिल्म मिळतात. त्या स्वस्त असतात, पण मऊपणासाठी त्यांत मिसळलेली द्रव्यं उन्हात उडून जातात. मग फिल्म कडक होते, पिवळी पडते आणि काढताना तुकडे-तुकडे होऊन निघते. गोव्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे लवकर होतं. बिलावर ‘टीपीयू’, जाडी आणि रोलचा क्रमांक लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान गाठा.

‘सेल्फ-हीलिंग’ म्हणतात ते खोटं नाही, पण त्याला मर्यादा आहेत. धुताना पडलेले बारीक गोल ओरखडे गरम पाण्याने किंवा उन्हाने भरून येतात. गडद रंगाचं बॉनेट भर दुपारी उन्हात ठेवलं की काम झालं. टोकदार खड्याने फिल्म फाटली तर ती भरून येत नाही, तो तुकडा बदलावा लागतो.

किती भागाला लावायची

अख्ख्या गाडीला सहसा १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असा एक रोल लागतो. पुढच्या भागाला साधारण त्याचा एक तृतीयांश. खर्चही त्याच प्रमाणात. आमच्या मते रोज घाट किंवा खाणपट्टा नसेल तर अख्ख्या गाडीला फिल्म हा शौक आहे. हात आखडता घ्यायचा असेल तर क्रम असा ठेवा: पूर्ण बॉनेट, मडगार्डच्या पुढच्या कडा, काचेच्या बाजूचे खांब, छताच्या पुढच्या कडेची ८-१० सेंटिमीटरची पट्टी, दारांखालची पट्टी. बंपर सर्वात शेवटी. दुकानदार नेमका उलटा क्रम सांगेल, कारण बंपरला फिल्म जास्त लागते आणि मजुरीही.

बॉनेटच्या फक्त पुढच्या ४०-४५ सेंटिमीटरला फिल्म लावायचा सल्ला मिळेल. मार तिथेच जास्त बसतो हे खरं, पण बॉनेटच्या मधोमध येणाऱ्या फिल्मच्या कडेला तांबडी धूळ धरते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ती आडवी लाल रेघ लांबून दिसते आणि ब्रशनेही पुरती निघत नाही. पूर्ण बॉनेट घेतलं की कडा आत दुमडल्या जातात आणि ही कटकट राहत नाही. हेडलाईटलाही तुकडा लावून घ्या. हेडलाईट पॉलिकार्बोनेटचे असतात आणि उन्हाने धुरकट होतात, फिल्मने टवके आणि धुरकटपणा दोन्ही लांबतं.

रंगीत किंवा मॅट फिल्मचा मोह होत असेल तर आधी आरसीवर गाडीचा रंग काय लिहिलाय ते बघा. रंग बदलायचा तर आधी आरटीओत नोंद करावी लागते. पारदर्शक फिल्मला ही भानगड नाही. आणि दगडापासून बचाव म्हणून लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलंय, एअरबॅगच्या सेन्सरला त्याचा अडथळा होतो, आणि बॉनेटला तर त्याने काहीच फायदा नाही.

बसवताना काय बिघडतं

फिल्म चांगली आणि कारागीर कच्चा, अशी जोडी जमली तर पैसे पाण्यात. सर्वात मोठा धोका ब्लेडचा. गाडीवरच फिल्म पसरून ब्लेडने कापली तर पातं क्लिअर कोटमध्ये उतरू शकतं. ती रेघ तेव्हा दिसत नाही, फिल्म काढल्यावर किंवा गंज धरल्यावर दिसते. गाडीच्या मॉडेलप्रमाणे प्लॉटरवर (संगणकावर चालणारं कापायचं यंत्र) आधीच कापलेले तुकडे वापरणार का, हे ठरवतानाच विचारा.

पद्धत साधारण अशी असते. गाडी धुतात, चिकटलेले लोखंडी कण आणि डांबर काढतात, क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवतात, मग अल्कोहोलने पुसतात. आधीचे टवके याच वेळी भरून घ्यायचे, कारण फिल्मखाली झाकलेला गंज वाढतच राहतो. फिल्म सरकवण्यासाठी १ लिटर पाण्यात बेबी शांपूचे ५-६ थेंब, आणि कडा चिकटवण्यासाठी १ लिटरमध्ये १०० ते १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. फिल्म कंपनीचं प्रमाण वेगळं असेल तर तेच घ्यावं. मधून कडेकडे स्क्वीजी (पाणी ढकलायची रबरी पट्टी) मारत पाणी बाहेर काढतात आणि ५-६ मिलीमीटर कड आत दुमडून गरम हवेने बसवतात. बंपरच्या वळणावर फिल्म जास्त ताणली तर काही आठवड्यांत ती मागे खेचली जाते आणि कोपरे सुटतात.

कारखान्याचा रंग १३०-१५० अंशांवर भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला लगेच फिल्म चालते. दसऱ्याला गाडी घेतली तर पहिल्या लांबच्या प्रवासाआधी काम उरकून घ्या. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला मात्र किमान एक महिना थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. आतला थिनर (रंग पातळ करणारं द्रव्य) पुरता उडालेला नसतो आणि फिल्मखाली बुडबुडे धरतात. बसवल्यावर पाण्याचे लहान फुगे दिसतात, ते कोरड्या दिवसांत आठवड्याभरात जातात, जुलैत कितीतरी जास्त वेळ घेतात. टाचणीने टोचू नका. कडेत धूळ अडकून कायमचा ठिपका दिसत असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधीच दाखवा. पहिले सात दिवस धुणं बंद. पुढेही प्रेशर वॉशरचा नोझल कडांपासून दोन फूट लांब ठेवा.

टवका उडालाच तर

टच-अपची बाटली रंगाच्या कोडप्रमाणे घ्या, नावाप्रमाणे नको. पांढऱ्यातच चार छटा असतात. कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवर असतो. ई-कोट फुटला असेल तर बाटलीतला रंग थेट पत्र्यावर लावून भागत नाही.

खळगा धुऊन वाळवा. गंज असेल तर फायबरग्लासच्या पेनाने किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरची बारीक गुंडाळी करून तेवढाच भाग खरवडा, धातू चमकेपर्यंत. खोल डाग राहिला तर रस्ट कन्व्हर्टरचा (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन) थेंब लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा एकच थेंब, पत्र्यापुरता. तासाभराने रंग: बाटली दोन मिनिटं हलवून २-३ पातळ थर, प्रत्येकात अर्धा तास. एकच जाड थेंब टाकलात तर वरून साय धरते आणि आत ओला राहतो. शेवटी क्लिअर, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर. आठवडाभर तसंच ठेवून मग २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत समतल करा आणि कंपाउंडने (पॉलिश करायची बारीक खरखरीत पेस्ट) चमकवा. हे शेवटचं पाऊल हात बसलेला नसेल तर सोडून द्या. थोडा उंचवटा राहिला तर गंजत नाही, क्लिअर कोट घासून गेला तर मात्र अख्खा पॅनल रंगवावा लागतो. बंपरला यातलं निम्मं करायचीही गरज नाही, प्लास्टिक प्रायमर आणि दोन थर पुरे.

पावसाळी हवेत हे काम फसतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि क्लिअर दुधासारखा पांढरा पडतो. भर पावसाळ्यात पत्रा उघडा पडला आणि उघडीप मिळत नसेल, तर खळगा कोरडा करून प्रायमरचा थेंब तेवढा लावून ठेवा आणि रंग चतुर्थीनंतरच्या एखाद्या कोरड्या दुपारी, सावलीत करा.

विम्याचा दावा या कामासाठी सहसा परवडत नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के सामान धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये स्वतः भरायचे असतात. म्हणजे लहान गाडीच्या ५,००० रुपयांच्या बिलावर हातात सुमारे ३,३७५ येतात, आणि नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो.

फिल्मचं आयुष्य संपलं, ती पिवळी पडू लागली किंवा कडा उचलू लागल्या, की ओढून फाडू नका. गरम हवेने फिल्म कोमट करून रंगाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरत हळूहळू सोलायची. उरलेला गोंद फिल्मच्याच दुकानातल्या ॲढेसिव्ह रिमूव्हरने निघतो, पेट्रोलने पुसू नका. गॅरेजमध्ये एकदा रंगवलेल्या पॅनलवरून फिल्म काढताना रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येऊ शकतो, म्हणून जुनी गाडी विकत घेतली असेल तर कुठला भाग पुन्हा रंगवलेला आहे ते कारागिराकडून जाडी मोजायच्या मीटरने आधी तपासून घ्या. २०० मायक्रॉनच्या वर आकडा दाखवणारा भाग बहुधा रंगवलेला असतो.